हूटगळ्ळीपलीकडची खराब जमीन

आमच्या घरात कुणी वारलं की 'शेतावर नेलं' असं म्हणायची रीत होती. शेत आमचं कधीच नव्हतं. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार म्हणून आले, नांगर धरायला नव्हे. शेत म्हणजे हूटगळ्ळीच्या पुढे, हुणसूर रस्ता सोडून आत गेलं की लागणारा एक बुटका उंचवटा. तिथं आमच्यासारख्या मोजक्या मराठी घरांची माणसं पुरलेली होती. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. महाराष्ट्रातून नव्यानं आलेल्या लोकांना हे सांगितलं की ते लगेच विषय बदलतात, म्हणून आधीच सांगून टाकते.

आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं त्या जागेला 'मराठर गुड्डे' म्हणत, म्हणजे मराठ्यांची टेकडी. सरकारी कागदावर तिची नोंद 'खराब' अशी होती. नांगराखाली न येणाऱ्या, कुणाच्याच नावावर नसलेल्या जमिनीला इकडं महसूल खात्यात खराब म्हणतात. लहानपणी मला त्याचं हसू यायचं. पुढं त्या एका शब्दावर सगळं गेलं.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते घोडेस्वार पोलिसांत होते. दसऱ्याच्या मिरवणुकीत पगडी बांधून ते आमच्यासमोरून जात, तेव्हा आमच्याकडे ढुंकूनही बघत नसत. पण महालय अमावास्येला, म्हणजे दसरा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, घोड्यांची कितीही धावपळ असली तरी ते आम्हाला घेऊन शेतावर जायचेच. म्हैसुरातल्या आमच्या अग्रहार भागातून निघून बसनं हूटगळ्ळी, पुढं पायी, दोन्ही बाजूंना नाचणीची शेतं. आईनं पहाटे उठून केलेलं मटण आणि वडे केळीच्या पानाच्या तुकड्यांवर घालून प्रत्येक समाधीपुढं ठेवायचे. विडी ओढणाऱ्याला विडी, तपकीरवाल्याला तपकीर. मग उरलेलं तिथंच बसून आम्ही जेवायचो. मोठा भाऊ, ज्याला मी अण्णा म्हणते, नेहमी नळी मागायचा आणि आई ती आधी आजोबांच्या पानावर ठेवून मग त्याला द्यायची.

जेवताना आप्पा कोण कुठं आहे ते सांगत. सगळ्यात मोठा दगड एका घोडेस्वाराचा होता. वर सूर्यचंद्र, मधे घोडा, खाली मोडीतल्या दोन ओळी, ज्या आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नव्हत्या.

"हा लढाईत मेला नाही हं," आप्पा म्हणायचे. "लग्नाला गेला होता. येताना भरपूर पिऊन घोड्यावर बसला. घोडा घरी आला, हा नाही आला."

आम्ही हसायचो. आप्पाही हसायचे. त्या दगडाची आम्हाला भीती वाटली नाही की अभिमान वाटला नाही. तो घरातलाच एक दारुडा होता.

माझा मुलगा गेला तेव्हा नुकता रांगायला लागला होता. ताप आला तो मेंदूत गेला. मी माहेरीच होते. लहान मुलाला तिरडी नसते. आप्पांनी त्याला स्वतःच्या शालीत गुंडाळलं आणि ऑटोत मांडीवर घेऊन बसले. बायकांनी जायचं नाही अशी रीत होती. मी जाऊन शेजारी बसले, आप्पांनी ऑटोवाल्याला "चल" म्हटलं. खड्डा त्यांनीच खणला. लहान मुलाला चौथरा बांधत नाहीत आमच्यात. दगडाचं ओझं ठेवलं की ते बाळ पुन्हा जन्माला येत नाही म्हणतात. आप्पांनी त्या ठिकाणी तगरीची एक फांदी खोचली. तिसऱ्या दिवशी मातीवर दूध-तूप घालायला आम्ही गेलो तेव्हा ती मान टाकून होती. वर्षभरानं तिला फुलं आली.

माझा संसार पुढं टिकला नाही. त्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही. मी अग्रहारात आईआप्पांजवळ राहिले, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. आधी आप्पा शेतावर गेले, मग आई. दोघांचे साधे सिमेंटचे चौथरे, त्यावर कानडीत नावं. तगर तोवर माझ्या डोक्याच्या वर गेली होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी महिन्यातून एकदा तरी तिकडं जायची. रडायला नव्हे. झाडाखाली बसायची, गवत उपटायची, थर्मासमधली कॉफी प्यायची आणि परत यायची. माझ्या सगळ्या आयुष्यात मला कुणी 'इथं का बसलीस' असं न विचारलेली ती एकच जागा.

मग उंचवट्याच्या तिन्ही बाजूंची नाचणीची शेतं विकली गेली. तांबड्या मातीचे सरळ रस्ते आखले गेले, कडेनं पांढरे रंगवलेले दगड आले, दिव्याचे खांब आले. हूटगळ्ळीच्या बाजूला असं कुठं ना कुठं चालूच असतं, म्हणून मी आधी मनावर घेतलं नाही. एक दिवस गेले तर उंचवट्याच्या पायथ्याशी पिवळं जेसीबी उभं होतं.

अण्णाचं घर हिनकलला. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आमच्या लोकांच्या छोट्याशा मंडळाचा अध्यक्ष तोच होता, कारण दुसऱ्या कुणाला व्हायचं नव्हतं. मी थेट त्याच्याकडे गेले.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "कागदावर ती आपली नाही. खराब जमीन आहे. तो लेआउटवाला, प्लॉट पाडून विकणारा, वरपर्यंत पोचलेला आहे."

"मग काय करायचं?"

"एक वाट आहे. ती जागा जुनी आहे, ऐतिहासिक आहे असं सिद्ध केलं तर कुणी हात लावू शकणार नाही. हेरिटेज म्हणून. आपल्यात तसं सांगणारं माणूस पाहिजे."

मला ते पटलं. आप्पांना, आईला, माझ्या बाळाला हात लावायचा नाही एवढंच मला हवं होतं. त्यासाठी कुणी त्यांना ऐतिहासिक म्हणो नाहीतर आणखी काही.

माणूस मिळालं ते एक बाई. पुण्याची, वास्तुविशारद, नवरा इकडं कॉम्प्युटरच्या कंपनीत. नव्या मराठी लोकांच्या मंडळात अण्णाची तिच्याशी ओळख झाली होती. वयानं माझ्याहून बरीच लहान. डोक्यावर टोपी, पाठीला पिशवी, हातात मऊ केसांचा ब्रश. पहिल्याच दिवशी तिनं घोड्याच्या दगडावरचं शेवाळ इतक्या हळुवार झाडलं की मला ती आवडली. खोटं कशाला बोलू, खूप आवडली.

तिला आमचं बोलणं ऐकून फार कौतुक वाटायचं. मी "स्वल्प थांबा" म्हटलं किंवा उगाच या अर्थी "सुम्ने कशाला त्रास" म्हटलं की ती थांबून पुन्हा म्हणायला लावायची.

"ताई, तुमची मराठी म्हणजे ठेवा आहे हो. कानडी आणि जुनी मराठी, किती सुंदर मिसळलीय."

मला माझी भाषा ठेवा आहे असं कधी वाटलं नव्हतं. भाजी घ्यायला आणि भांडायला पुरायची.

तिनं मोडीतल्या ओळी वाचल्या. त्या शिलेदाराचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आणि 'कैलासवासी झाले' एवढंच. मी तिला आप्पांची गोष्ट सांगितली, लग्नाची, दारूची, एकट्या परतलेल्या घोड्याची. ती मनापासून हसली.

मग म्हणाली, "पण हे आपण अहवालात नको घेऊया, चालेल? उगाच महत्त्व कमी होतं."

मी "चालेल" म्हटलं. त्यात मला तेव्हा काही वावगं दिसलं नाही.

ती समाधी ते समाधी फिरत मोजमापं घेत होती. तगरीजवळ आली आणि वाकून बुंध्याकडे बघायला लागली.

"इथं काही आहे का?"

"माझा मुलगा आहे," मी म्हटलं.

ती ताठ झाली. हातातली टेप तिनं खिशात घातली, पायांतले बूट काढले आणि तशीच गवतात उभी राहिली. मग म्हणाली, "किती वर्षांचा?"

"वर्षाचा नव्हता."

तिनं माझा हात धरला. त्या दिवशी आम्ही दोघींनी माझ्या थर्मासमधली कॉफी एकाच पेल्यात प्यायली. हे सगळं खरं आहे आणि पुढं जे झालं तेही खरं आहे, म्हणूनच मला तिचा धड रागही करता येत नाही.

अहवाल तयार झाल्यावर अण्णाच्या गच्चीवर सगळी कुटुंबं जमली. लेआउटचा मालकही आला होता. पांढरा शर्ट, कपाळाला कुंकू, बोलणं अगदी नम्र. म्हाताऱ्यांच्या पाया पडला. माझी आत्या, आप्पांची धाकटी बहीण, अग्रहारात माझ्या मागच्याच गल्लीत दोन खोल्यांत एकटी राहायची. तिला मी ऑटोनं घेऊन गेले होते. तो तिच्याही पाया पडला. तिनं पाय आखडून घेतले.

पुण्याच्या बाईनं पडद्यावर चित्रं दाखवत अहवाल वाचला. सुंदर मराठी, मधे मधे इंग्रजी. प्रत्येक समाधीला तिनं वारसामूल्य दिलं होतं. कोरीव दगडांचं मूल्य उच्च. जुन्या चुन्यातल्या चौथऱ्यांचं मध्यम. अलीकडच्या सिमेंटच्या बांधकामांचं नगण्य. आणि जिथं काहीच बांधलेलं नाही ती रिक्त जागा.

म्हणजे दारुडा उच्च, आप्पा आणि आई नगण्य. माझं मूल रिक्त.

मी तिच्याकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती.

मग लेआउटचा मालक उठला. म्हणाला, हे वाचून माझे डोळे उघडले. आपल्या सैनिकांचा हा वारसा पावसात पडून आहे याची लाज वाटली पाहिजे. यातलं जे जे मौल्यवान आहे ते सगळं मी माझ्या खर्चानं उचलून, लेआउटच्या दर्शनी भागात सुंदर बाग करून तिथं बसवतो. दिवे लावतो, माहितीचा फलक लावतो. बागेसाठी समिती नेमू, तिचे अध्यक्ष तुमचे अध्यक्षच राहतील.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचेच लोक. आप्पांच्या चुलतभावाच्या मुलांनी वाजवल्या, ज्यांचे आईबाप शेतावरच होते. अण्णानंही वाजवल्या, पण माझ्याकडे न बघता.

टाळ्या थांबल्यावर आत्या बोलली. "मला स्वल्प सांग रे," ती अण्णाला म्हणाली. "दगड उचलून तू बागेत ठेवणार. माणसं कुठं ठेवणार?"

"आत्या, माणसं कुठं राहिलीत आता? माती झाली त्यांची."

"मग मातीच ठेव की. दगड कशाला ठेवतोस?"

कुणीतरी हसलं. अण्णाचं तोंड लाल झालं.

"आणि मला त्याच्या शेजारी जायचंय," आत्या म्हणाली. 'तो' म्हणजे तिचा नवरा. "त्याच्या डाव्या अंगाला जागा ठेवलीय. आप्पानं आखून दिलीय. मी कुठं जाऊ?"

"बिडू आत्या," अण्णा म्हणाला. सोड म्हणून. "ते नंतर बघू. तुला अजून खूप अवकाश आहे."

त्याच आठवड्यात मी त्या पुण्याच्या बाईच्या घरी गेले. नवव्या मजल्यावरचं घर, खिडकीतून चामुंडी टेकडी दिसत होती. तिनं पोहे केले. मी खाल्ले नाहीत.

"तुम्ही बूट काढून उभ्या राहिलात," मी म्हटलं. "आणि मग रिक्त लिहिलंत."

"ताई, तो तांत्रिक शब्द आहे. वरचं बांधकाम नसेल तर दुसरा शब्दच नाही. मी मुद्दाम…" तिचे डोळे भरले. "मी त्यांना लिहिलं होतं की जागा हलवू नका. शेवटच्या पानावर आहे. जागेसकट जपा, असं आहे. त्यांनी तेवढंच घेतलं नाही."

"शेवटच्या पानावर का?"

तिनं पोह्यांची बशी माझ्यापुढं सरकवली. मग ती म्हणाली, "निदान दगड तरी वाचले. नाहीतर सगळंच गेलं असतं."

हे वाक्य पुढं मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की ते आधी कुणी म्हटलं तेही विसरायला हवं होतं. मी विसरले नाही.

मी अण्णाकडे एकच मागितलं. आईआप्पांची आणि बाळाची माती आधी काढू दे. आपण तिघं मिळून काढू, तू, मी आणि आत्या. मग त्यांना हवं ते करू देत. तो लगेच हो म्हणाला. अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तुला न सांगता कसं होईल? गौरी होऊ दे. गौरीनंतरच ते लोक काम सुरू करणार आहेत. मी स्वतः येऊन तुला घेऊन जातो."

मी तांब्याचा एक डबा आणला, लाल कापड धुऊन ठेवलं. आत्या म्हणाली, मातीबरोबर तगरीची फांदीही घ्यायची, पावसाळ्यात लागते. म्हणून गौरीच्या आधी, एका सकाळी, फांद्या कुठल्या घ्यायच्या ते बघायला आम्ही दोघीच गेलो.

उंचवटा नव्हता. ऑटोवाल्यालाही आधी कळलं नाही, तो पुढं निघून गेला आणि मग वळून आला. तांबडी माती सपाट पसरली होती, तिच्यावर रोलरच्या पट्ट्या होत्या आणि चुन्यानं चौकोन आखले होते. कडेला झुडपांचा ढीग होता. त्यात तगर होती, मुळासकट उलटी, पानं अजून हिरवी.

रोलरवाला चहा पीत होता. भला माणूस वाटला. आत्याला बसायला त्यानं स्वतःचा डबा उलटा करून दिला. मी कानडीत विचारलं, हे कधी झालं. तो म्हणाला, मागच्या आठवड्यात. "तुमचे अध्यक्ष आले होते ना अम्मा. त्यांनीच नारळ फोडला, पूजा केली, मग आम्ही सुरू केलं."

मी तिथूनच अण्णाला फोन लावला.

"तू येऊन पूजा केलीस?"

तो म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू आली असतीस."

"होय."

"आली असतीस तर मशीनपुढं बसली असतीस."

"होय."

"मग?" तो म्हणाला. जणू मीच त्याचं म्हणणं सिद्ध करून दिलं होतं. "सगळं जाणारच होतं. मी थोडं तरी वाचवलं. तुला ते बघावं लागू नये म्हणून सांगितलं नाही. तुझ्यासाठीच केलं."

मी फोन बंद केला. तगरीची एक फांदी मोडून घेतली. डबा भरून माती घ्यावी असं आत्या म्हणत होती, पण कुठली घ्यायची? सगळी एकच झाली होती. फांदी मी कुंडीत लावली. ती लागली नाही.

गौरीला अण्णा दरवर्षी मला बागिना द्यायचा. सुपात बांगड्या, कुंकू, डाळी, खण घालून माहेरून मुलीला द्यायची इकडची पद्धत, आमच्या घरांत कधीपासून आली कुणास ठाऊक. त्या वर्षी तो आला नाही, वहिनीला पाठवलं. मी सूप घेतलं, तिला कॉफी दिली. खण मी अजून शिवलेला नाही.

वर्षभरात बाग झाली, कडेनं घरंही उभी राहिली. उद्घाटनाला मी गेले नाही, पण नंतर पाहिली. खरोखर नीटनेटकी आहे. हिरवळ, बाक, मुलांसाठी घसरगुंडी, आणि मधे गोलात उभे केलेले आमचे दगड, खालून दिवे सोडलेले. जे जमिनीत आडवे असायचे तेही आता उभे आहेत. घोड्याच्या दगडाखाली फलक आहे. त्यावर लिहिलंय की राज्याच्या रक्षणासाठी लढताना या वीरानं देह ठेवला. कानडीत, इंग्रजीत आणि मराठीत. मराठी शुद्ध आहे. सगळ्यात खाली अण्णाचं नाव आणि त्या पुण्याच्या बाईचं नाव. तिनं नंतर मला फोन केले, मी उचलले नाहीत. ती पुन्हा पुण्याला गेली असं मागाहून कळलं.

पुढच्या वर्षीच्या महालय अमावास्येला आत्या हट्टाला पेटली. वडे केले, मटण केलं, आणि "चल" म्हणाली. गेटवर रखवालदारानं कुठल्या घरी जायचं ते विचारलं. बागेत, म्हटल्यावर त्यानं वहीत बागच लिहिली. आत्याच्या नवऱ्याचा चौथरा सिमेंटचा होता, नगण्यातला, त्यामुळं तिथं त्याचं काहीच नव्हतं. ती गोलात एकदा फिरली. सगळे दगड हातानं चाचपले. मग घोड्याच्या दगडापुढं बसून तिनं पान मांडलं.

"या मेल्याला तरी खाऊ दे," ती म्हणाली. "वीर झालाय आता."

घासही ठेवून झाला नव्हता तोच एक बाई घाईनं आली. तरुण, सभ्य, हातात लहान मुलाचा हात. तिनं कानडीत अगदी गोड शब्दांत सांगितलं की अज्जी, इथं मांसाहार चालत नाही, इथल्या रहिवासी संघटनेचा नियम आहे, मुलं खेळतात, कुत्री येतात. तुमचे अध्यक्ष सकाळी खीर ठेवून गेले, तसं चालतं.

"हे आमचे लोक आहेत," मी म्हटलं.

"हो का?" ती म्हणाली. "किती छान. पण हे नुसते दगडच आहेत ना? खाली तर कुणी नाही. आम्हाला विकताना तसं लिहून दिलंय."

आत्यानं पान उचललं, नीट घडी घातली, डब्यात ठेवलं.  घरी आल्यावर ते मटण तिनं तापवलं आणि आम्ही दोघींनी खाल्लं.

त्याच थंडीत आत्या गेली. आजारी अशी नव्हती. दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. मी अण्णाला कळवलं. किती महिन्यांनी त्याचा आवाज ऐकत होते, आणि तो ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की तो घाबरलाय.

त्यानं फोन सुरू केले. शहरात पुरायच्या जागा आहेत, पण प्रत्येक जागा कुठल्या ना कुठल्या समाजाची. एकांनी ओळखपत्र मागितलं. दुसरे म्हणाले, जागा संपली. तिसऱ्यांकडचे म्हातारे गृहस्थ फार आपुलकीनं बोलले. अण्णानं फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"तुम्हाला आमच्याकडे कशाला यावं लागतंय?" ते म्हणाले. "तुमची स्वतःची जागा आहे की. पेपरात फोटो पाहिला मी. हेरिटेज. नशीबवान आहात."

अण्णानं फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. आत्या मधे चटईवर होती, तोंडावर पदर. मला खूप काही बोलता आलं असतं. कित्येक महिने मी तेच मनातल्या मनात जुळवत होते. मी उठून वाती केल्या.

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही तिला विद्युतदाहिनीत नेलं. आमच्या घरातली जाळलेली ती पहिली. काय करायचं असतं ते आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. माती द्यायची सवय असल्यामुळं एका चुलतभावानं येताना मूठभर माती आणली होती. ती कुठं टाकायची ते न कळून शेवटपर्यंत मुठीत धरून तो उभा राहिला. लोखंडी दार वर गेलं, आतला उजेड दिसला आणि अण्णा "अय्यो" म्हणाला. लहानपणी ठेच लागल्यावर म्हणायचा तसा.

दुसऱ्या दिवशी तिथल्या माणसानं मडकं दिलं. अण्णानं ते दोन्ही हातांत घेतलं आणि मला विचारलं, "आता याचं काय करतात?"

मला माहीत नव्हतं. त्या माणसालाच विचारलं. तो म्हणाला, श्रीरंगपट्टणला न्या, पश्चिमवाहिनीला. सगळे तिथंच नेतात.

अण्णाच्या गाडीतून आम्ही दोघंच गेलो. मी मागं बसले, मडकं मांडीवर घेऊन. ते अजून कोमट होतं की उन्हानं तापलं होतं, कळत नव्हतं. घाटावर एक पुरोहित आले, गोत्र विचारलं. अण्णाला सांगता आलं नाही. मलाही नाही. कश्यप असं काहीतरी म्हणत त्यांनीच एक निवडलं आणि विधी उरकला.

अण्णा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला. कावेरीला त्या दिवसांत फार पाणी नव्हतं. त्यानं मडकं वाकडं केलं. राख लगेच वाहून गेली नाही, त्याच्या पायांभोवती फिरत राहिली. तो वाकून हातानं ती पुढं ढकलत होता, आणि ढकलता ढकलता रडायला लागला. मोठ्यानं, माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यानं. मी पायरीवर उभी होते. दोन पायऱ्या उतरले असते तर त्याच्या पाठीवर हात ठेवता आला असता.

तो वर आला. रुमालानं तोंड पुसलं. पाय पुसायचे राहिले.

"मलापण इथंच आणा मग," तो म्हणाला.

"आणू," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी दुसरं काहीतरी म्हणेन असं त्याला वाटलं असावं. मी पायऱ्या चढून गाडीत जाऊन बसले.